राजेगावच्या नाक्यावरची लग्नं

तेजरामच्या सतरंजीवर कोणी चहा सांडला, की अक्षता पडेपर्यंत तो कुरकुरत राही. बालाघाटच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं बिछायतीचं दुकान होतं. लग्नाकार्याला लागणाऱ्या सतरंज्या, गाद्या, कनाती, गॅसबत्त्या आणि स्वयंपाकाची मोठमोठी भांडी तो भाड्याने देई. सामानासोबत स्वतः जाई आणि लग्न उरकून सगळं मोजून परत आणी. नवरदेवाच्या मामालासुद्धा तो गादीवरून उठवायचा. "चप्पल काढा ना बापा. गादी हाय, वावराचा धुरा नाई." लोक हसत, पुढच्या लग्नाला पुन्हा त्याच्याकडेच येत, कारण त्याचं सामान स्वच्छ असे आणि माणूस सरळ होता. एकदा गुंडाळलेल्या सतरंजीत कोणाची तरी नथ सापडली, तर हा बैलबंडी जुंपून उलट्या पावली लग्नघरी गेला. नथ देताना मात्र घरच्या बायांना एवढं बोलला, की त्यांना नथ मिळाल्याचा आनंदही धड घेता आला नाही.

भांडी हरवतात, बदलतात, याचा त्याला फार जाच होता. डोमाजी नावाच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाला नेलेली पितळी परात परतच केली नव्हती. "दिली ना तुले," असं तो दर बाजारी सांगे आणि तेजराम दर बाजारी त्याच्याशी भांडे. शेवटी वैतागून त्याने गंज, गुंड, परात, कढई, झारा, एकूणएक भांड्यावर ठळक अक्षरांत नाव कोरून घेतलं. तेजराम बिछायतवाला, बालाघाट.

सन छप्पनमध्ये राज्यांची वाटणी झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि नदीपलीकडचं गोंदिया मुंबई राज्यात, पुढे महाराष्ट्रात गेलं. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. इकडच्या मुली तिकडे, तिकडच्या इकडे. तेजरामचं सामानही राजेगावहून नदी ओलांडून जातच राहिलं. मग टंचाईची वर्षं आली. तांदूळ परवान्याशिवाय राज्याबाहेर न्यायला बंदी झाली, आणि राजेगावच्या नाक्यावर प्रत्येक गाडी थांबू लागली. इकडे धान पिकत होतं, तिकडे भाव जास्त होता. पुढे काय होणार हे सांगायला कोणा जोशाची गरज नव्हती.

नाक्यावर बाबूलाल नावाचा जवान असे. वारासिवनीकडचा, गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा. तेजरामची बंडी दिसली की नाक्यावरचा आडवा बांबू वर करत तो विचारी, "किसकी शादी है, तेजराम भैया?" तेजराम वधूवरांची नावं सांगे आणि त्यांच्या नातेवाइकांबद्दलची तक्रारही सांगे. बाबूलालला ती ऐकायला आवडे. परतताना तेजराम लग्नातले दोन लाडू त्याच्या मुलीसाठी देई. भांड्यांत हात घालून बघावं, असं बाबूलालच्या मनातही येत नसे.

हे सगळं शालिकरामला ठाऊक होतं.

शालिकराम म्हणजे तेजरामच्या बायकोचा, अनुसयाचा धाकटा भाऊ. गावातल्या एका धान्याच्या शेठकडे तो कामाला होता. बोलायला असा गोड, की त्याच्याशी भांडण सुरू केलं तरी ते पुढे जात नसे. एका उन्हाळ्यात तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊजी, तुमी या बंडीवर किती दिवस हाल काढता? प्रत्येक खड्ड्यात भांड्याले पोच पडते. आमच्या शेठचा ट्रक गोंदियाले रिकामाच जाते. त्याच्यात टाका सामान. भाडं नको न काई नको."

तेजरामला पैशाचा लोभ दाखवला असता, तर त्याने शालिकरामला दुकानाबाहेर काढलं असतं. पण ट्रक! बंडीच्या हिसक्यांनी त्याची भांडी चेमटत, गॅसबत्तीच्या काचा फुटत, आणि तो दिवसभर बैलांना, रस्त्याला आणि सरकारला शिव्या देत जाई. तो हो म्हणाला.

ट्रकमध्ये सामान भरायला शालिकरामने आपली माणसं लावली. "तुमी काहून हात लावता? तुमी समोर बसा." तेजराम ड्रायव्हर प्रेमलालच्या शेजारी बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा राजेगावपर्यंत कोणालाही शिवी न देता गेला. बाबूलालने विचारलं, तेजरामने लग्नाचं सांगितलं, बांबू वर झाला.

लग्नघर पलीकडच्या एका खेड्यात होतं. ट्रक त्याआधीच एका भाताच्या गिरणीच्या आवारात वळला.

"इकडं कुठं?" तेजरामने विचारलं.

प्रेमलालने ट्रक उभा केला. हमाल आले आणि त्यांनी गंजांवरची झाकणं काढली. आत तांदूळ होता. गुंडांत तांदूळ होता. मग त्यांनी गाद्या उसवल्या, आणि त्यांतूनही तांदूळ सांडू लागला. तेजराम खाली उतरून उभा राहिला. त्याच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो भलताच.

"माह्या गादीतला कापूस कुठं हाय?"

"कापूस बालाघाटात आहे, भाऊ. सांभाळून ठेवला," प्रेमलाल म्हणाला.

त्या लग्नात वऱ्हाडी पातळ चादरींवर बसले आणि सगळा दोष तेजरामला मिळाला. घरी येताच तो शालिकरामवर ओरडला. शालिकरामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. मी सांगाले पाह्यजे होतं. पण आता बोंबलू नका. भांड्याइवर नाव कोणाचं हाय? नाक्यावर तोंड कोणाचं दिसलं? शेठचं त कुठंच नाव नाई, भाऊजी."

ज्या नावामुळे भांडी हरवायची थांबली होती, त्याच नावाने आता तो अडकला.

"तुह्या भावानं मले खड्ड्यात घातलं," तो अनुसयाला म्हणाला.

अनुसया भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "मंग तुमी ट्रक पाहून काहून पाघळले? मले इचारलं होतं का? आता एक डाव झालं, पुन्हा जाऊ नका म्हंजे झालं."

पण पुन्हा जावं लागलं, आणि त्यानंतरही. दर वेळी शालिकराम शेवटचं म्हणे. लग्न खरं असेल तेव्हा तेजरामला फारसं खोटं बोलावं लागत नसे. पण शेठला लग्नांची वाट बघवत नव्हती. तेव्हा बिनलग्नाच्या दिवशीही ट्रक निघू लागला, आणि बाबूलाल नेहमीप्रमाणे विचारी, "किसकी शादी है?" तेजरामला जागच्या जागी नवरानवरी जुळवावी लागत. गावं ठरवावी लागत. बाबूलाल सगळं लक्षात ठेवी, म्हणून तीच नावं पुन्हा चालत नसत. परतीला लाडू हवेत, म्हणून निघण्याआधी तो बालाघाटच्या हलवायाकडून लाडू विकत घेई. गिरणीच्या आवारात एका दगडावर बसून ती पुडी मांडीवर घेऊन तो स्वतःवरच चिडत राही. चोरी शेठची, ट्रक शेठचा, आणि लाडू आपल्या खिशातून.

"कुठल्या लग्नातले इतके कडक लाडू?" एकदा बाबूलालने हसत हिंदीत विचारलं.

"गरीब लोक होते," तेजराम म्हणाला, आणि बालाघाटला पोचताच हलवायाशी भांडला.

पावसाळ्यात तो निश्चिंत झाला. आषाढात लग्नं नसतात, म्हणजे आता सुटका. पण शालिकराम आलाच.

"आता कोणाचं लग्न लावू रे? बेडकाचं?" तेजराम ओरडला.

"लग्न नाई त तेरवी," शालिकराम म्हणाला. "तेरवीच्या पंगतीले भांडे लागते का नाई? माणसं बारा महिने मरतेत, भाऊजी."

त्या दिवशी नाक्यावर चिखलात उभ्या असलेल्या बाबूलालने विचारलं, तेव्हा तेजराम म्हणाला, "तेरवी हाय."

"अरे राम. किसकी?"

तेजरामने मेलेल्या माणसाचं नाव ठरवलंच नव्हतं. जिभेवर आलं ते नाव सांगून टाकलं. "डोमाजी पटलाची."

परातवाल्या डोमाजीचा राग इतका जवळ होता, की दुसरं कोणाचं नाव आलंच नाही. बाबूलालने टोपी काढली. हळू आवाजात म्हणाला, "भला आदमी था. कभी-कभी इधर से निकलता था." ट्रक पुढे गेला तरी त्याची टोपी हातातच होती. तेजरामने मागे वळून ते पाहिलं. पण ट्रक थांबवायला सांगण्याचं धाडस त्याला झालं नाही.

पुढे पोळा झाला आणि नदीपलीकडचा डोमाजी इकडच्या जावयाला भेटायला सायकलवरून नाक्यावर आला. घंटी वाजवत, धडधाकट.

पुढच्या फेरीला ट्रक थांबला तेव्हा बाबूलालने बांबू वर केला नाही. तो तेजरामच्या बाजूने आला आणि दारावर हात ठेवून म्हणाला, "जरा नीचे आइए."

तेजराम उतरला. दोघं रस्त्याकडेच्या पळसाखाली गेले.

"डोमाजी पटेल कल मिले थे," बाबूलाल म्हणाला. "मैंने उनको देखा तो मेरे तो हाथ-पांव ठंडे पड़ गए. फिर समझ में आया." त्याने ट्रककडे बोट दाखवलं. "सब झूठ था? वो सब शादियां?"

"सगळी नाई," तेजराम म्हणाला. "काही खरी होती."

"कौन-सी?"

तेजरामला सांगता येईना. खरी कोणती आणि रचलेली कोणती, हे त्याचं त्यालाच एकदम आठवेना. बाबूलाल त्याच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त थकल्यासारखा दिसत होता.

"मैं रोकूंगा तो आप जाओगे जेल," तो म्हणाला. "आज निकल जाओ. पर इसके बाद इस रस्ते पे मत दिखना."

त्याने बांबू वर केला. तेजराम ट्रककडे गेला, पायरीवर एक पाय ठेवला आणि पुन्हा खाली घेतला. प्रेमलालला म्हणाला, "तू जा. मी नाई येत." प्रेमलालने त्याला वेड्यात काढलं आणि ट्रक पुढे नेला. तेजराम बालाघाटच्या मोटारीची वाट बघत चिखलात उभा राहिला. बाबूलाल त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

पुलाअलीकडच्याच एका वळणावर तपासणी पथकाची जीप उभी होती. पथकाने गंजांची झाकणं काढली. ट्रक नाक्यावरून न तपासता सोडलेला होता, म्हणून संध्याकाळच्या आत बाबूलालला धरून नेलं.

बातमी घेऊन शालिकराम दुकानात आला तेव्हाही त्याचा आवाज गोडच होता. "घाबरू नका. शेठच्या वकिलानं सारं जुळवलं. तुमी आरोपी नाई, तुमी साक्षीदार. तुमी फक्त येवढं म्हणायचं का सामान त्या नाकेवाल्यानं भाड्यानं नेलं होतं. तांदूळ त्याचा, धंदा त्याचा. प्रेमलालही हेच सांगून राह्यला. तुमची भांडी ठाण्यात जप्त हायेत, थे पण सुटतीन."

"तो काहून माही भांडी भाड्यानं घेईन? त्याच्या घरी खातं कोण, तीन माणसं!"

"थे वकील पाहून घेईन."

"अन् त्याले जेल झाली म्हंजे?"

"त मंग तुमी जाता का, भाऊजी?" शालिकरामने शांतपणे विचारलं.

खटला उभा राहीपर्यंत त्याने दुकान उघडलं, बंद केलं, गिऱ्हाइकांवर खेकसला, उरलेल्या सतरंज्या उन्हात टाकल्या आणि पुन्हा आत घेतल्या. वकिलाने त्याला बोलावून तोच जबाब पुन्हा पुन्हा पाठ करून घेतला. तो मुकाट्याने म्हणत गेला. त्याने मनाशी ठरवलं होतं, की खोटं बोलायचं, भांडी सोडवायची आणि हा विषय जन्मात काढायचा नाही.

तारखेच्या सकाळी अनुसयाने धुतलेला सदरा त्याच्या हातात दिला. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, तेव्हा तिचा तोल सुटला. "माह्या तोंडाकडं काय पाह्यता? इकडं भाऊ हाय, तिकडं तो नाकेवाला. मी काही म्हटलं तरी पापी मीच. जे बोलायचं थे बोला, पण घरी आल्यावर मले म्हणू नका का तुह्या पायी झालं."

कोर्टात बाबूलाल कठड्यात उभा होता. वर्दी नव्हती. चुरगळलेल्या सदऱ्यात तो लहान दिसत होता. मागच्या बाकावर त्याची बायको मैनाबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तेजराम आत आला तेव्हा बाबूलालने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

सरकारी वकिलाने विचारलं, ही भांडी तुमचीच का? तेजराम हो म्हणाला. आरोपी बाबूलालने ती भाड्याने नेली होती का? तेजराम हो म्हणाला. मॅजिस्ट्रेटने जोरात बोलायला सांगितलं आणि तो पुन्हा हो म्हणाला. वकील समाधानाने बसला.

मग बाबूलालचा वकील उठला. तरुण होता, फार काही तयारी करून आलेला दिसत नव्हता. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "बाबूलाल ने बर्तन लिए, तो आपने पूछा होगा, किसलिए चाहिए?"

"हौ."

"क्या बताया उसने?"

हा प्रश्न पाठ करून घेतलेला नव्हता. "लग्न," तेजराम म्हणाला.

"किसकी शादी थी?"

तेजरामने तोंड उघडलं. सवयीने नावं शोधायला लागला. नवरदेव कोण, नवरी कोण, कुठलं गाव, कुठली सोयरीक. कितीतरी महिने तो हेच करत आला होता. एकाएकी त्याला त्या सगळ्याचा असा काही वीट आला, की कपाळाची शीर तटतटली. अजून एक लग्न आता त्याच्याने लाववत नव्हतं.

"कोणाचंच नव्हतं!" तो ओरडला. "कोणाचं लग्न नव्हतं साहेब, कोणाची तेरवी नव्हती. कितीक वेळा तेच इचारता? त्या माणसानं माहा एक झारा पण नेला नाई. तांदूळ शेठचा, ट्रक शेठचा, भरणारा माहा साळा. अन् खोटं बोलणारा मी. यानं माह्यावर इश्वास ठेवला येवढीच याची चूक हाय. लिहून घ्या अन् मले मोकळं करा!"

शेठचा वकील उठून काही म्हणू लागला, तर तेजराम त्याच्यावरही ओरडला, "तुमी गप बसा हो! तुमीच शिकवलं मले." मॅजिस्ट्रेटने टेबलावर हात आपटला. शालिकराम दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा तेजरामने प्रथमच गोडव्याशिवाय पाहिला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. शेठपर्यंत काही पोचलं नाही. त्याने ट्रक भाड्याने दिल्याचं सांगितलं आणि ते मानलं गेलं. तेजराम, शालिकराम आणि प्रेमलाल तिघांना काही महिन्यांची सजा झाली. बाबूलाल तांदळाच्या आरोपातून सुटला, पण ट्रक न तपासता सोडला म्हणून त्याची नोकरी गेली. ते ऐकून तेजरामने कपाळावर हात मारून घेतला. खरं बोलूनसुद्धा काम अर्धंच झालं होतं.

जेलमध्ये शालिकरामला त्याच्याच बराकीत टाकलं. आठवडाभर साळाभाऊजी एकमेकांशी बोलले नाहीत. मग शालिकरामने भटारखान्यातल्या माणसाशी ओळख काढली आणि एका सकाळी तेजरामपुढे जास्तीची भाकर ठेवली. "घ्या, भाऊजी. झालं गेलं सोडा." तेजरामने भाकर परत ढकलली. शालिकरामने ती पुन्हा ठेवली. इतकं होऊनही या माणसाला लाज कशी वाटत नाही, या विचाराने तेजरामला जेलपेक्षा जास्त त्रास झाला. शेवटी भूक लागली म्हणून त्याने ती खाल्ली, आणि खाताना शालिकरामला पोटभर शिव्या दिल्या.

अनुसया उरलेल्या सतरंज्या-कनातींवर दुकान चालवत होती. भेटीला आली तेव्हा तिने एकदाही भावाची चौकशी केली नाही. नवऱ्याला म्हणाली, "खरं बोलले, बरं केलं. पण घरून बोलून जायचं होतं ना. लोक मले रस्त्यात सांगून राह्यले, माह्या नवऱ्यानं काय केलं म्हणून." डोळे पुसता पुसता ती रागावतही होती. तेजरामने कधी नव्हे ते ऐकून घेतलं.

सुटल्यावर तो आधी वारासिवनीला गेला. बाबूलालचं घर विचारत विचारत सापडलं. मैनाबाई दारात आली. तिने त्याला ओळखलं, पण आत ये म्हटलं नाही.

"वो घर पे नहीं हैं," ती म्हणाली. खरं तर आतून खोकल्याचा आवाज येत होता.

"मले फक्त सांगायचं होतं..."

"कचहरी में बोल दिया न आपने. सबने सुन लिया. अब जाओ भैया, और कितना बोलोगे?"

तो परत फिरला. स्टेशनपर्यंतच्या वाटेत त्याला त्या बाईचा राग आला, मग बाबूलालचा आला, की माणसाने निदान बाहेर यावं. मग स्वतःचा आला, आणि तोच सगळ्यांत जास्त वेळ टिकला.

दुकान पुढे चाललं. नदीपलीकडचं काम तो कधीच घेत नसे. कोणी फार आग्रह केला की म्हणे, "तिकडं बिछायतवाले मेले का सारे?" शालिकरामने स्वतःचं धान्याचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. दिवाळीला तो बहिणीकडे येई. तेजराम त्या दिवशी सकाळपासून कनाती दुरुस्त करायला बसे.

एकाहत्तर की बाहत्तरच्या हिवाळ्यात तेजराम वारासिवनीला एका लग्नाचं ठरवायला निघाला होता. बालाघाट स्टेशनवर नॅरोगेजची छोटी गाडी रोजच्यासारखीच उशिरा होती. बाकावर एकच जागा रिकामी होती आणि शेजारी बसलेला माणूस बाबूलाल होता. केस पांढरे झाले होते, अंगावर कुठल्याशा गिरणीच्या चौकीदाराचा खाकी कोट होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. तेजराम उठून जाणार होता, पण पाय दुखत होते. तो बसला.

गाडीचा पत्ता नव्हता.

"कल भी ऐसे ही हुआ," बाबूलाल समोर बघत म्हणाला.

"कालच का?" तेजराम म्हणाला. "या गाडीचं रोजचंच हाय. येवढ्या वेळात माणूस पायी पोचते."

"मास्टर से पूछो तो बोलता है, आ रही है."

"त्याले काय माहीत? तो आत चहा पिऊन राह्यला."

गाडी आली तेव्हा दोघं एकाच डब्यात चढले. वारासिवनी येईपर्यंत रेल्वेवाल्यांबद्दल, थंडीबद्दल, आणि सीटवर पाय ठेवून बसणाऱ्या माणसांबद्दल ते बोलत राहिले, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. दुसरं काही कोणी काढलं नाही. स्टेशन आलं. बाबूलाल आपली थैली घेऊन उतरला आणि रामराम न करता गर्दीत चालू लागला. तेजराम मागून उतरला आणि दुसऱ्या बाजूने लग्नघर शोधायला गेला.